कोण सर

सरांच्या वर्गात 'रोमन लोक' असं म्हणायला बंदी होती. फळ्यावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं. कुणीतरी उठून सांगायचं, "सर, रोमन लोकांना सार्वजनिक स्नानगृहं फार आवडत." सर खडू खाली ठेवायचे, खुर्चीत बसायचे आणि शांतपणे विचारायचे, "एटले कोण?" म्हणजे कोण? कोणत्या गावचा, बापाचं नाव काय, गुलाम होता की सुटलेला होता, आणि घरात आई रागावली की कोणत्या भाषेत रागावायची? यातलं एक तरी सांगता आलं तर वाक्य पुढे न्यायचं, नाहीतर खाली बसायचं. आम्ही बहुतेक वेळा खाली बसत असू.

यावरून त्यांचं नाव पडलं कोण सर. गुजराती मुलांनी ठेवलं की मराठी, ते सांगता येत नाही. हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते आवडलं नसावं, कारण त्यांनी कधी विचारलं नाही की हे कोणी ठेवलं.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांचा पेपर ऐच्छिक होता. प्राचीन रोममध्ये स्वतःला रोमन म्हणवणारे लोक नेमके कोण होते, एवढाच त्याचा विषय. आम्ही सहा जण होतो. बाकीच्यांनी तो घेतला कारण सर हजेरीला कडक नव्हते. मी घेतला कारण माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं, पुस्तकं इंग्रजीत होती, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या लोकांबद्दल वर्गात बोलायचं म्हणजे स्वतःबद्दल बोलावं लागणार नाही, असं मला वाटलं. हा अंदाज पूर्ण चुकला.

सर पक्के सुरती. कतारगामला त्यांच्या घराच्या पाच पिढ्या झालेल्या. दोन्ही भाऊ हिऱ्याच्या कामात. सर म्हणायचे, "आमच्या घरात सगळे दगडच बघतात. भाऊ लहान दगड बघतात, मी मोठे. त्यांच्या दगडाला गिऱ्हाईक आहे, एवढाच फरक." पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात भिंग. ते भिंग भावाचं जुनं होतं. सकाळच्या तासाआधी ते कॉलेजच्या फाटकासमोर उभ्याउभ्या डाळीचा वाफवलेला लोचो खायचे, आणि आमच्यातलं कुणी तिथे सापडलं तर तास तिथेच सुरू व्हायचा.

एका शनिवारी त्यांनी आम्हाला इंग्रजांच्या जुन्या कब्रस्तानात नेलं. ते त्यांच्या घराजवळच आहे. मी सुरतेत जन्मले, पण तिथे कधी गेले नव्हते. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कबरी म्हणून मी लहानसे क्रॉस शोधत होते. तिथे घुमट होते, कमानी होत्या, एखाद्या नवाबाला शोभेल अशी बांधणी. सरांनी एका घुमटाखाली उभं राहून विचारलं की आत कोण झोपलाय. आमच्यातला हितेश म्हणाला, इंग्रज. मग हा घुमट कोणाचा? हितेश म्हणाला, मुसलमानी आहे सर. "मेल्यावर तो कोणासारखा दिसायला बघत होता?" हितेश मान वर करून घुमटाकडे बघू लागला. नंतर त्यांनी सांगितलं की ब्रिटनच्या उत्तरेला एक थडगं सापडलंय. सीरियाच्या वाळवंटातून आलेल्या माणसाने तिथल्या बायकोसाठी उभं केलेलं. वर लॅटिन मजकूर, त्यात चुका. खाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या भाषेत, ती मात्र सुबक कोरलेली. वरची ओळ गावासाठी, खालची कोणासाठी, हे तुम्ही घरी जाऊन ठरवा, असं म्हणून ते फाटकाकडे चालू लागले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आम्ही पर्वत पाटियाला राहतो. वडील साड्यांच्या मार्केटमध्ये फोल्डिंग खात्यावर देखरेख करतात. आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, खानदेशातून लूमवर काम करायला आले आणि इथेच राहिले. घरात अहिराणी, शेजारी गुजराती, शाळेत इंग्रजी. मराठी मी लिहायला शिकले ती उशिरा, आईच्या हट्टाने. कुणी विचारलं तर मी 'सुरत' एवढंच सांगायचे, आणि पुढचा प्रश्न येण्याआधी काहीतरी विचारून विषय बदलायचे. ही सवय मला फार चांगली जमली होती.

एकदा तास चालू होता तो एका बादशहाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना एकदम नागरिकत्व दिलं त्याबद्दल. नव्या नागरिकांनी त्या बादशहाच्या घराण्याचं नाव घेतलं, आणि जिकडेतिकडे एकाच नावाची माणसं झाली. हितेश मागून म्हणाला, "सर, लिंबायतमध्ये पण असंच आहे. दगड मारा, पाटीलला लागेल." सगळे हसले. लिंबायत ही आमच्या बाजूची खानदेशी लोकांची वस्ती, आणि माझं आडनाव पाटील. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "ते सगळे एकाच घरचे आहेत का?" मी नाही म्हटलं. "मग हे नाव घेऊन त्यांना काय मिळालं?" मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, विचारून ये. माझ्या घरातल्या कुणाला काही विचारून ये असं मला तोपर्यंत कोणत्याही शिक्षकाने सांगितलं नव्हतं.

मी विचारलं नाही. पण दिवाळीनंतर चुलतभावाचं लग्न ठरलं आणि आईने सरांसाठी पत्रिका दिली. ती मी स्टाफरूममध्ये नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. निघणार इतक्यात त्यांनी भिंग काढलं. पत्रिकेवर खाली मराठीत आमच्या घराचा पत्ता होता. आधी गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, आणि शेवटी 'ह.मु. सुरत'. त्यांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "आ शुं छे?" मी सांगितलं, हल्ली मुक्काम. म्हणजे सध्या सुरतेत राहतात. आजोबा कधी आले? पन्नास वर्षं झाली असतील. सरांनी भिंग पुन्हा गावाच्या नावावर धरलं. मग म्हणाले, रोमच्या सैन्यातला माणूस तीस वर्षं दुसऱ्या देशात राहून मेला तरी थडग्यावर आपलं मूळ गाव कोरून घ्यायचा. "त्याचा पण मुक्कामच होता, बेटा. तुला निबंधासाठी विषय शोधायला कुठे जायचं नाही. ही पत्रिका घेऊन घरी जा."

त्यांची एक अट होती. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, सुधारायचं नाही. मी म्हटलं, सर, आजोबा शुद्ध मराठी बोलत नाहीत. ते म्हणाले, थडग्यावरची लॅटिनही शुद्ध नसते, आणि आम्ही पगार घेतो तो त्या चुका जपायचा. मग मी वही घेऊन आबांजवळ बसायला लागले. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर. आईला हे मुळीच पटलं नाही. तुन्हा सरले आपला गावशी काय करनं शे, असं ती भांडी घासताना दोनदा म्हणाली.

तीन रविवार आबा लूमचे आवाज, खोलीतले ढेकूण आणि गिरणीतले भोंगे यांच्याबद्दल बोलले. चौथ्या रविवारी मी त्यांना पत्रिकेवरच्या गावाबद्दल विचारलं. तिथे आपलं घर कुठल्या आळीत होतं? आबांनी पानाचा डबा बाजूला सरकवला. "ते आपलं गाव नई शे," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. आबा एकोणीस वर्षांचे असताना एकटेच सुरतेला उतरले. लूमच्या कारखान्यात माणसं भरायचं काम मुकादमाकडे होतं, आणि तो फक्त आपल्या गावची माणसं भरायचा. त्या ओळी मी वहीत लिहिल्या होत्या आणि आजही मला अक्षरशः पाठ आहेत: "त्यानी इचारं, कोनता गावना शे रे? मी त्यानंच गाव सांगी दिधं. मंग मी तठलाच व्हई गऊ." मुकादमाला दुसऱ्याच दिवशी कळलं. आपल्या गावात कोण आहे आणि कोण नाही हे त्याला ठाऊक नसेल असं कसं होईल? पण त्याने आबांना काढलं नाही. त्या गावची बारा माणसं एका खोलीत राहत, तिथे त्याने आबांना जागा दिली. श्रावणात खोलीत कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसवली. कानबाईच्या नैवेद्याचा रोट, म्हणजे जाड पोळी, फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, बाहेरच्याला त्यातला तुकडाही देत नाहीत. मुकादमाने स्वतःच्या ताटातला रोट मोडून आबांच्या हातावर ठेवला. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. जात एकच होती, कूळ मात्र वेगळं. पाटील दोन्हीकडे चालत होतं. आबांनी त्या गावचा पत्ता सांगायला सुरुवात केली, मग माझ्या वडिलांच्या लग्नाच्या पत्रिकेवर तो छापला, आणि पुढच्या सगळ्यांनी तोच पाहून छापला. ज्या गावात आबा जन्मले होते तिथे मागे कुणी उरलं नव्हतं. पत्रिकेवरच्या गावात ते आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा मुकादमाबरोबर.

निबंधातलं ते चौथं प्रकरण. बत्तीस ते चव्वेचाळीस अशी तेरा पानं. सरांना दिलं तेव्हा ते कॉलेजच्या व्हरांड्यात उभे होते, आणि उभ्यानेच त्यांनी ते संपवलं. त्यांनी सांगितलं की रोमचा नवा नागरिक कुठल्याही देशातला असला तरी त्याचं नाव रोमच्या एखाद्या टोळीत घालत. बऱ्याच टोळ्यांची नावं इटलीतल्या मुलखांवरून पडलेली. त्या माणसाने तो मुलूख जन्मात पाहिलेला नसायचा, पण थडग्यावर तो अभिमानाने कोरून घ्यायचा. हे सर वीस वर्षं शिकवत होते. "पण त्यांना टोळीत कसं घेतलं, त्या दिवशी काय खायला दिलं, हे कुठल्या दगडावर नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे आहे." विभागाच्या चर्चासत्रात हे प्रकरण मी वाचायचं, बाहेरून परीक्षक येतील, पुढे त्यांच्याकडे पीएच.डी.ला जागा होईल, असं ते बोलत गेले. एवढं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी मान हलवत होते आणि मला खूप आनंद झाला होता.

त्याच महिन्यात ताईचं स्थळ जमत आलं. मुलगा शिरपूरकडचा, घर चांगलं. त्यांनी विचारलं, मुलीचं मूळ घराणं कोणतं. उत्तर दिलं नानांनी. नाना म्हणजे त्या मुकादमाचा मुलगा, आमच्या समाजात वजन असलेला माणूस. आमच्याच भाऊबंदातली पोर आहे, असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि बैठक तिथेच संपली. बापाने घरात खरी गोष्ट सांगितली होती का, नानांना ती माहीत होती का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. विचारणार कोण? नानांचा पुतण्या आमच्याच कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए.ला होता. चर्चासत्राला इतिहासाच्या सगळ्या मुलांना बसवत.

प्रकरण वाचलं तर नानांचा शब्द खोटा पडेल आणि ताईचं स्थळ मोडेल, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आबांनी काही म्हटलं नाही, वडिलांना काही माहीतच नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही आणि ताई मला चिडवत राहिली की लग्न माझं आहे, तू कशाला सुकतेस.

तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी सांगितलं की प्रकरण काढून टाकायचं आहे, चर्चासत्रात वाचायचं नाही, आणि तुमच्याकडची प्रतही नष्ट करा. ताईचं कारणही सांगितलं. इतकी वाक्यं मी त्यांच्यासमोर सलग कधी बोलले नव्हते. सरांनी चष्मा काढला.

"हे कोण सांगतंय? तू की घर?"

"मी, सर."

"नावं बदलू. गाव बदलू. कुणाला कळणार नाही."

"नानांना कळेल. बारा माणसं होती खोलीत. कानबाई होती. ज्याला कळायचं त्याला एका ओळीत कळेल."

त्यांनी वाद घातला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "मी आयुष्यात कागद फाडलेला नाही. वाण्याची पुडीपण जपून उलगडतो." मग त्यांनी मला समोर बसायला सांगितलं आणि एक गोष्ट स्पष्ट केली, जी मला तेव्हा कठोर वाटली. तेरा पानं गेल्यावर उरतो तो साधा निबंध आहे. गुण साधे मिळतील. पीएच.डी.च्या जागेचं मग काही सांगता येत नाही. मी हो म्हटलं. "सारुं," ते म्हणाले, आणि फाईल कपाटात ठेवली.

घरी येऊन मी लॅपटॉपवरचं प्रकरण पुसलं, कारण त्याच लॅपटॉपवर ताई साखरपुड्याचे फोटो बघायची. वही फाडून सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत टाकली. गुण साधे मिळाले. सरांनी एकही जास्तीचा दिला नाही. चर्चासत्रात हितेशने रोमन नाण्यांवर काहीतरी वाचलं. सर शेवटच्या बाकावर बसून होते आणि त्यांनी त्याला एकदाही थांबवलं नाही. परीक्षेनंतर भेटायला गेले तेव्हा ते नेहमीसारखेच बोलले. ताईचं लग्न कसं झालं ते विचारलं, जेवणात काय होतं ते विचारलं. मी शाळेत नोकरी धरली. दर दिवाळीला त्यांना फोन करायचे. ते कधीही त्या पानांचा उल्लेख करत नसत, मीही नाही. फोन तीन-चार मिनिटांत संपायचा.

आबा पुढच्या वर्षी गेले. ताईला दोन मुलं झाली. नानाही गेले. गेल्या वर्षी मी ताईला सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली, आणि शेवटी म्हणाली की लिही तू, फक्त आबांच्या त्या दोन गावांची नावं घालू नकोस. म्हणून इथे ती नाहीत.

त्या उन्हाळ्यात सर वारले. मला महिन्याभराने कळलं. त्यांची मुलगी अहमदाबादहून घर आवरायला आली होती. तिने जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, आपापलं काही असेल तर घेऊन जा म्हणून. मी कतारगामला गेले ती एकाच गोष्टीसाठी. रिक्षात बसल्यापासून मी मनात म्हणत होते की सरांनी शब्द पाळलेला नसू दे. ज्या माणसाने वाण्याची पुडी फाडली नाही तो आबांचे शब्द कसे फाडेल? माझ्या सांगण्यापेक्षा त्यांना ते कागद मोठे वाटले असतील. वाटायलाच हवे होते.

फाईल मिळाली. वर माझं नाव, वर्ष. एकतीस पानांपर्यंत सगळं जागच्या जागी. मग एक पातळ पिवळा कागद, आणि त्यानंतर थेट पंचेचाळीस. फुटक्या शिलालेखाची नक्कल करताना गेलेल्या अक्षरांची जागा चौकटी कंसाने राखायची पद्धत आहे. त्या कागदावर तसाच एक कंस पेन्सिलने काढलेला होता. आत सरांच्या बारीक गुजराती अक्षरात एवढंच: पाने ३२ ते ४४ नाहीत. होती.

मुलीने खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, पानं कुठे हरवली का? मी म्हटलं, नाही, मीच परत घेतली होती. तिने मला पाणी दिलं आणि पुढच्या फाईलकडे वळली. तिला दुपारपर्यंत कपाट रिकामं करायचं होतं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी ते प्रकरण पुन्हा लिहायला बसते. आतापर्यंत चार पानं झाली. मुकादमाचा प्रश्न, आबांचं उत्तर, रोटाचा तुकडा, एवढं मला खात्रीने येतं. त्याच्यापुढे काय झालं ते आठवतं, पण आबांनी ते कोणत्या शब्दांत सांगितलं ते आठवत नाही, आणि त्यांच्या तोंडी मी माझी वाक्यं घालणार नाही. म्हणून पस्तीसनंतर नऊ कोरी पानं लावली, त्यांवर क्रमांक टाकले, आणि फाईल बांधून ठेवली.